विश्वस्ताचे अर्थशास्त्र
सर विश्वेश्वरय्या : वीज, बँक आणि दानदृष्टी यांचा एक अभ्यास

म्हैसूर शहरातून हुणसूर आणि पुढे मडिकेरीकडे जाणाऱ्या मार्गावर येलवाल हे गाव लागते. एकेकाळी ब्रिटिश रेसिडेंटच्या निवासस्थानामुळे ओळखले जाणारे हे गाव अर्थव्यवहाराच्या अभ्यासकाने दोन कारणांसाठी लक्षात ठेवावे असे आहे. येथून एक रस्ता कृष्णराजसागराकडे, म्हणजे कावेरीवरील कन्नंबाडीच्या धरणाकडे जातो. ज्या संचिताच्या बळावर जुन्या म्हैसूर राज्याची वीज, शेती आणि उद्योग उभे राहिले ते संचित तेथे आहे. दुसरे कारण असे की, २१ व २२ सप्टेंबर १९५७ रोजी याच येलवाल येथे आचार्य विनोबा भावे यांच्या उपस्थितीत ग्रामदान परिषद भरली होती. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद, पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू आणि निरनिराळ्या पक्षांचे नेते तेथे एकत्र बसले आणि संपत्ती नेमकी कोणाची, या प्रश्नाचा त्यांनी विचार केला.

धरण आणि दान यांचा परस्परांशी काय संबंध, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. ज्यांनी ते धरण उभारले त्या सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या जीवनकार्याकडे पाहिले असता या प्रश्नाचे उत्तर सापडते. त्यांनी ऊर्जेचे प्रकल्प उभे केले, राज्याला बँक मिळवून दिली, तोट्यातील कारखाना सांभाळला आणि स्वतःचा मोबदला समाजाला परत केला. वरवर पाहता ही चार वेगळी क्षेत्रे वाटतात. प्रत्यक्षात त्यांच्या मुळाशी एकच धारणा होती : हाती आलेला पैसा ही दुसऱ्याची ठेव आहे आणि तिचा हिशेब द्यावयाचा आहे. प्रस्तुत लेखात या धारणेचा मागोवा घेतला असून तिच्या मर्यादांचाही विचार केला आहे.

घडणीची वर्षे : पुणे ते खडकवासला

विश्वेश्वरय्या यांचा जन्म म्हैसूर राज्यातील मुद्देनहळ्ळी येथे एका सामान्य परिस्थितीच्या कुटुंबात झाला. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकत असताना शिकवण्या करून त्यांनी आपला खर्च भागविला. पदवी मिळाल्यावर म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात स्थापत्यशास्त्राच्या अभ्यासासाठी आले. १८८३ साली ते ती परीक्षा प्रथम क्रमांकाने उत्तीर्ण झाले आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले. सार्वजनिक पैशातून मिळालेली ही शिष्यवृत्ती त्यांच्या आयुष्यातील पहिली मोठी उचल म्हणता येईल. तिची परतफेड ते पुढे आयुष्यभर करीत राहिले.

पुढील सुमारे पाव शतक त्यांचे कार्यक्षेत्र प्रामुख्याने मराठी मुलूख होते. नाशिक आणि धुळे येथे त्यांनी उमेदवारीचा काळ घालविला. पुण्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचा सहवास त्यांना लाभला. १८९० साली रानड्यांच्या प्रेरणेने पुण्यात पहिली औद्योगिक परिषद भरली होती. देशाचे दारिद्र्य उद्योगांशिवाय हटणार नाही आणि उद्योगांना स्वस्त व दीर्घ मुदतीचे भांडवल हवे, हा विचार त्या परिषदेने मांडला. पुढे म्हैसुरात विश्वेश्वरय्यांनी जे घडविले त्याची बीजे या पुण्याच्या वातावरणात शोधावी लागतात.

नीरा कालव्यावरील पाण्याच्या वाटपासाठी त्यांनी ब्लॉक पद्धत सुचविली. जमिनीचे गट पाडून त्यांत आळीपाळीने ऊस, चारा आणि अन्य पिके घ्यावयाची आणि पाणी अधिक शेतकऱ्यांपर्यंत पोचवावयाचे, अशी ही व्यवस्था होती. मोजके साधन मूठभरांच्या हाती अडकू नये, हा तिचा गाभा. १९०३ साली खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी रचलेली स्वयंचलित दारे बसविण्यात आली. पाण्याची पातळी ठरावीक मर्यादेवर गेली की ही दारे आपोआप उघडत आणि पूर ओसरला की बंद होत. धरणाची भिंत न वाढविता सुमारे आठ फूट अधिक पाणी साठविण्याची सोय त्यामुळे झाली. आहे त्याच भांडवलातून अधिक उत्पन्न काढण्याचे यापेक्षा चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. या रचनेचे एकस्व त्यांच्या नावे होते. परंतु सरकारी नोकरीत असताना सरकारी कामासाठी केलेल्या शोधाचे स्वामित्वधन घेणे त्यांनी उचित मानले नाही.

वीज : आधी ग्राहक, मग धरण

मुंबई सरकारची सेवा सोडल्यानंतर, हैदराबादेत १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरानंतरचे काम पाहून, ते १९०९ साली म्हैसूर राज्याचे मुख्य अभियंता झाले. त्या वेळी म्हैसूर राज्य विजेच्या बाबतीत देशात अग्रेसर होते. दिवाण सर के. शेषाद्री अय्यर यांच्या पुढाकाराने कावेरीच्या शिवनसमुद्र धबधब्यावर वीजकेंद्र उभारले गेले होते आणि १९०२ च्या जूनअखेरीस तेथील वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत पोचली होती. सुमारे १४७ किलोमीटर लांबीची ही वीजवाहिनी त्या काळी जगातील सर्वांत लांब वाहिन्यांत गणली जात असे. १९०५ मध्ये बंगळूरचे रस्तेही विजेने उजळले.

या यशात एक उणीव मात्र होती. उन्हाळ्यात कावेरीचा प्रवाह रोडावला की वीजनिर्मिती घटत असे. खाणींशी पुरवठ्याचे करार झालेले होते. भूमिगत खाणीतील पंप आणि पाळणे वीज नसताना थांबवून चालत नाहीत. ग्राहक पैसे देण्यास तयार, माल मात्र वर्षभर देता येत नाही, अशी ही स्थिती होती. कोणत्याही बँक अधिकाऱ्याच्या परिचयाची ही अडचण आहे : मागणी आहे, उत्पन्नही आहे, परंतु पुरवठ्यात सातत्य नसल्याने परतफेडीची खात्री नाही.

विश्वेश्वरय्यांनी सुचविलेला उपाय म्हणजे कन्नंबाडी येथील जलाशय. पावसाळ्यातील पाणी अडवून उन्हाळ्यात बेताने सोडावयाचे, म्हणजे शिवनसमुद्रची यंत्रे बारमाही चालतील, खाणींना अधिक वीज विकता येईल आणि त्या उत्पन्नातून धरणाच्या खर्चाचा भार हलका होईल. उरलेल्या पाण्यावर कोरडवाहू मुलूख भिजेल. राज्याच्या अर्थखात्याने मात्र आरंभी ही योजना नाकारली. एवढ्या विजेला गिऱ्हाईक कोठून मिळणार, हा खात्याचा आक्षेप होता आणि तो निरर्थक नव्हता. सार्वजनिक तिजोरीवर लक्ष ठेवणाऱ्याने असा प्रश्न विचारलाच पाहिजे.

या ठिकाणी मराठी वाचकाला आस्था वाटेल असा एक दुवा आहे. त्या वेळचे दिवाण टी. आनंदराव हे तंजावरकडील मराठी घराण्यातील होते. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाणपद भूषविणारे राजा सर टी. माधवराव हे त्यांचे वडील. विश्वेश्वरय्यांनी आपली योजना पुन्हा आनंदराव आणि महाराज कृष्णराज वडियार चौथे यांच्यापुढे मांडली. तिची नव्याने छाननी झाली आणि १२ ऑक्टोबर १९११ च्या आदेशान्वये ८१ लाख रुपयांच्या अंदाजपत्रकासह तिला मान्यता मिळाली. त्याच वर्षी काम सुरू झाले. सिमेंट परदेशातून आणावे लागत असल्याने विटांची भुकटी आणि चुना यांपासून केलेली सुरकी वापरण्यात आली. सुमारे दहा हजार माणसे या कामावर राबत होती.

याच सुमारास आपल्या सह्याद्रीतही असाच प्रयोग चालू होता. सर दोराबजी टाटा यांच्या नेतृत्वाखाली १९१० साली स्थापन झालेल्या टाटा जलविद्युत कंपनीने लोणावळ्याच्या परिसरात पाणी अडवून १९१५ मध्ये खोपोलीतून मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली. म्हैसुरात खाणी आणि मुंबईत गिरण्या, अशा दोन्हीकडे विजेचा मोठा ग्राहक आधी निश्चित होता. ऊर्जा प्रकल्पाला भांडवल पुरविणाऱ्या कोणत्याही संस्थेने आजही हाच पहिला प्रश्न विचारावा लागतो.

जी किंमत हिशेबात आली नाही

कावेरीच्या पाण्यावर खालच्या अंगाच्या मद्रास इलाख्याचाही हक्क होता. त्या सरकारच्या हरकतीमुळे पहिल्या टप्प्यात सुमारे ८० फूट उंचीच्याच धरणाला संमती मिळाली. म्हैसूरने पाया मात्र पुढील पूर्ण उंचीला पेलेल असा रुंद घातला. दूरदृष्टी म्हणून या निर्णयाची प्रशंसा झाली, तशीच शेजाऱ्याच्या संशयालाही त्याने खतपाणी घातले. हा वाद लवादापुढे गेला, लवादाच्या निर्णयावर पुन्हा वाद झाला आणि अखेर फेब्रुवारी १९२४ मध्ये करार झाला. त्यानंतर धरण पूर्ण उंचीचे होऊ शकले. १९३० च्या दशकाच्या आरंभी काम पुरे झाले. कावेरीच्या वाटणीचा प्रश्न मात्र पुढे अनेक दशके धगधगत राहिला.

जलाशयाखाली जुने कन्नंबाडी गाव आणि आसपासच्या वस्त्या गेल्या आणि हजारो लोकांना आपली घरे सोडावी लागली. अशाच प्रसंगी मराठी मुलखातील शेतकरी काय म्हणाले हे इतिहासात नोंदले गेले आहे. १९२१ साली मुळशी येथे टाटांच्या धरणाविरुद्ध मावळ्यांनी सत्याग्रह केला आणि सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले. वीज शहराला आणि पाण्याखालची जमीन खेड्याची, हा तेथील प्रश्न कन्नंबाडीलाही तितकाच लागू होता. प्रकल्पाच्या ताळेबंदात विजेचे उत्पन्न मांडले जाते. ज्याचे शेत बुडाले त्याची हानी मात्र बहुधा एका रकमेत संपविली जाते. विश्वेश्वरय्यांच्या कार्याचा अभ्यास करताना ही बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही.

दुसऱ्या बाजूस याच जलाशयातून निघालेल्या कालव्याने मंड्या परिसरातील लाखाहून अधिक एकर जमीन भिजविली. आरंभी व्हाइसरॉय आयर्विन यांच्या नावाने ओळखला जाणारा हा कालवा पुढे विश्वेश्वरय्यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. १९३३ साली मंड्या येथे साखर कारखाना सुरू झाला. ज्या भागात पावसाकडे डोळे लावून बसावे लागे तेथे उसाचे पैसे आले आणि पैसा आला तसा तो ठेवण्यासाठी व फिरविण्यासाठी बँकेचीही गरज निर्माण झाली.

बँक : पडझडीच्या दिवसांत घातलेला पाया

नोव्हेंबर १९१२ मध्ये विश्वेश्वरय्या म्हैसूरचे दिवाण झाले. हे पद स्वीकारण्यापूर्वी त्यांनी आप्तेष्टांना एकत्र करून आपल्या पदाचा कोणत्याही प्रकारे लाभ मागावयाचा नाही, असे स्पष्टपणे सांगितले ही हकिकत प्रसिद्ध आहे. त्यानंतर वर्षभराच्या आतच त्यांनी राज्याला बँक मिळवून दिली. त्यांच्या अध्यक्षतेखालील बँकिंग समितीच्या शिफारशीनुसार आणि राज्य सरकारच्या आश्रयाखाली बँक ऑफ म्हैसूरची १९१३ साली स्थापना झाली आणि २ ऑक्टोबर १९१३ पासून तिचे कामकाज सुरू झाले.

ही तारीख लक्षात घेण्याजोगी आहे. स्वदेशी चळवळीच्या लाटेत देशात अनेक नव्या बँका निघाल्या होत्या. त्यांपैकी लाहोरच्या पीपल्स बँकेने सप्टेंबर १९१३ मध्ये आपले व्यवहार थांबविले. नोव्हेंबरमध्ये मुंबईची इंडियन स्पेसी बँक कोसळली. चांदीच्या सट्ट्यात ती खोल गुंतली होती. पुढील काही वर्षांत अशा कितीतरी बँका बुडाल्या. अल्प मुदतीच्या ठेवी दीर्घ मुदतीच्या उद्योगांत अडकविणे, हाताशी पुरेशी रोकड न ठेवणे, संचालकांच्या स्वतःच्या धंद्यांना कर्ज देणे आणि सट्टा ही या पडझडीची प्रमुख कारणे होती. ठेवीदार हवालदिल झाले होते. अशा दिवसांत नवी बँक उघडणे म्हणजे अविश्वासाच्या वातावरणात विश्वासाचे दुकान मांडण्यासारखे होते.

बँक ऑफ म्हैसूर या वादळातून तरून गेली. राज्याचा पाठिंबा हे तिचे मोठे बळ होते. तथापि केवळ आश्रयाने बँक टिकत नाही. सरकार, व्यापारी आणि शेतकरी यांचा पैसा एका ठिकाणी येऊन पुन्हा उत्पादक कामाला लागतो, तेव्हाच ती टिकते. राज्यात त्या सुमारास रेशीम, चंदनतेल आणि साबण यांचे कारखाने निघत होते. पहिल्या महायुद्धामुळे चंदनाची युरोपीय बाजारपेठ बंद झाली, तेव्हा कच्चे लाकूड विकण्याऐवजी राज्यातच तेल काढण्याचा निर्णय झाला आणि संकटातून नवा उद्योग उभा राहिला. १९१६ साली म्हैसूर विद्यापीठाची स्थापना झाली. वीज, बँक, कारखाना आणि शाळा एकमेकांना कशी पूरक ठरतात, हे या काही वर्षांत दिसून येते. विजेमुळे कारखाना चालतो, कारखान्याला खेळते भांडवल बँक देते, दोन्हींना लागणारी शिकलेली माणसे विद्यापीठातून येतात आणि त्या माणसांची बचत पुन्हा बँकेत ठेव होऊन येते.

ही बँक १९६० साली भारतीय स्टेट बँकेची उपकंपनी होऊन स्टेट बँक ऑफ म्हैसूर या नावाने ओळखली जाऊ लागली आणि १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. नाव आज उरलेले नाही. परंतु शतकाहून अधिक काळ ज्यांनी तेथे ठेवी ठेवल्या त्यांचे पैसे सुरक्षित राहिले, हेच तिच्या संस्थापकांचे खरे स्मारक होय.

भद्रावती : तोट्यातील कारखान्याचे अध्यक्षपद

दिवाणपद सोडल्यानंतर विश्वेश्वरय्यांच्या कार्याला व्यवस्थापकाचे रूप आले. भद्रावती येथील म्हैसूर लोहप्रकल्पाची उभारणी १९१८ नंतर टाटांच्या व्यवस्थापनाखाली सुरू झाली होती. १९२३ साली उत्पादन सुरू झाले तेव्हा युद्धोत्तर मंदीने लोखंडाचे भाव कोसळलेले होते. राज्याच्या तिजोरीतून पैसा जात होता आणि टीकेला ऊत आला होता. अशा वेळी कारखान्याच्या संचालक मंडळाचे अध्यक्षपद विश्वेश्वरय्यांनी स्वीकारले आणि १९२९ पर्यंत ते सांभाळले.

ज्याची उभारणी आपल्याच कारकिर्दीत ठरली, तो उपक्रम अडचणीत आल्यावर त्याकडे पाठ फिरविणे सोपे असते. विश्वेश्वरय्यांनी उलट मार्ग पत्करला. परदेशी तंत्रज्ञांच्या जागी देशी माणसे तयार केली, खर्चाला कात्री लावली आणि कोळशासाठी जाळल्या जाणाऱ्या लाकडापासून निघणाऱ्या दुय्यम पदार्थांचा उपयोग करण्याकडे लक्ष दिले. कारखान्याची आरंभीची वर्षे तोट्याचीच गेली, हे सत्य आहे. अडचणीतील कर्जखाते हाताळणाऱ्या बँक कर्मचाऱ्याला यातील मर्म सहज कळेल. थकलेले प्रत्येक खाते बुडीत नसते. मात्र ते वाचवावयाचे असेल तर कोणीतरी जबाबदार माणसाने तेथे जाऊन बसावे लागते आणि रोजचा खर्च तपासावा लागतो.

१९२७ पासून दीर्घकाळ ते टाटा पोलाद कंपनीच्या संचालक मंडळावरही होते. १९३४ साली त्यांनी भारतासाठी नियोजित अर्थव्यवस्थेची मांडणी करणारे पुस्तक लिहिले. देशात नियोजन मंडळ स्थापन होण्यास त्या वेळी सोळा वर्षांचा अवकाश होता. १९५५ साली त्यांना भारतरत्न हा सर्वोच्च सन्मान मिळाला आणि वयाची शंभरी पूर्ण केल्यानंतर एप्रिल १९६२ मध्ये त्यांचे निधन झाले.

दान : जो पैसा घेतलाच नाही

भद्रावतीच्या अध्यक्षपदासाठी मिळावयाचा मोबदला विश्वेश्वरय्यांनी स्वतःसाठी स्वीकारला नाही. ही रक्कम तरुणांना हातातील कौशल्य देणाऱ्या संस्थेसाठी वापरावी, असे त्यांनी राज्य सरकारला सुचविले. त्यातून १९४३ साली बंगळूर येथे व्यवसाय शिक्षण संस्था सुरू झाली. तिला आपले नाव न देता तत्कालीन महाराज जयचामराजेंद्र यांचे नाव त्यांनी सुचविले. ही संस्था पुढे तंत्रनिकेतन म्हणून वाढली.

या दानाचे स्वरूप बारकाईने पाहण्याजोगे आहे. अन्नछत्र किंवा धर्मशाळा यांचेही समाजात स्थान आहे. परंतु विश्वेश्वरय्यांनी निवडलेला मार्ग अभियंत्याचा आणि अर्थतज्ज्ञाचा होता. एकदा खर्चून संपणाऱ्या रकमेपेक्षा दरवर्षी नवी कमावती माणसे घडविणारी संस्था त्यांना मोलाची वाटली. शिष्यवृत्तीवर शिकलेला मुलगा साठ वर्षांनी इतर मुलांच्या शिक्षणाची सोय करतो, यात मुद्दलाबरोबर व्याजाचीही फेड आहे.

एक मतभेद आणि त्याचा बोध

विश्वेश्वरय्यांच्या सर्वच भूमिका काळाच्या कसोटीला उतरल्या असे नाही. १९१८ साली मागासलेल्या समाजांना सरकारी नोकऱ्यांत पुरेसा वाटा कसा मिळावा याचा विचार करण्यासाठी म्हैसूरच्या महाराजांनी न्यायमूर्ती लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. नेमणुका केवळ गुणवत्तेवर व्हाव्यात, असे विश्वेश्वरय्यांचे मत होते. या प्रश्नावर महाराजांशी मतभेद होऊन त्यांनी डिसेंबर १९१८ मध्ये दिवाणपद सोडले.

आज मागे वळून पाहताना महाराजांचा निर्णय अधिक दूरगामी ठरला, असे म्हणावे लागते. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या शाळेचे दारच उघडे नव्हते, त्यांची गुणवत्ता कोणत्या परीक्षेत दिसणार? कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ सालीच हे ओळखून आपल्या संस्थानात पन्नास टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या होत्या. बँकिंगच्या भाषेत मांडावयाचे तर, केवळ तारण पाहून कर्ज दिले तर ज्याच्याजवळ तारण नाही अशा कर्तबगार माणसाला कधीच उभे राहता येणार नाही. विनातारण कर्ज आणि स्वयंसहायता बचत गटांचे वित्त यांमागे हेच सूत्र आहे. विश्वस्ताने ठेव सांभाळावी, हे खरेच. परंतु ती कोणाच्या भल्यासाठी सांभाळावयाची याचा विचारही त्याने वेळोवेळी नव्याने केला पाहिजे.

पुन्हा येलवाल

येथे येलवालच्या परिषदेचे स्मरण उचित ठरेल. रायगड जिल्ह्यातील गागोद्याला जन्मलेल्या विनोबांनी एप्रिल १९५१ मध्ये तेलंगणातील पोचमपल्ली येथून भूदानाला प्रारंभ केला होता. त्याची पुढील पायरी म्हणजे ग्रामदान : जमिनीची मालकी व्यक्तीकडून गावाकडे यावी. त्यांनी संपत्तिदानाचीही कल्पना मांडली. तिच्यात दात्याने पैसा विनोबांच्या हाती द्यावयाचा नसे. आपल्या उत्पन्नाचा ठरावीक भाग स्वतःजवळच ठेवून तो समाजकार्यासाठी खर्च करावयाचा आणि त्याचा हिशेब द्यावयाचा, अशी ती रीत होती. येलवाल येथे जमलेल्या नेत्यांनी ग्रामदानाच्या विचाराचे स्वागत केले. भूदानातील बरीच जमीन पुढे प्रत्यक्ष वाटली गेली नाही आणि चळवळीचा वेगही ओसरला, हे मान्य केले तरी तिने विचारलेला प्रश्न शिल्लक राहतो.

विनोबा चरखा आणि खेड्याच्या बाजूचे, तर विश्वेश्वरय्या यंत्र आणि कारखान्याच्या बाजूचे. दोघांचे मार्ग एकमेकांपासून दूर होते. तरीही ज्याच्या हाती संपत्ती आहे तो तिचा मालक नसून विश्वस्त आहे, या एका मुद्द्यावर दोघांचे आचरण जुळते. एकाने ते पायी हिंडून सांगितले आणि दुसऱ्याने ते आपल्या हिशेबवहीत पाळले.

ग्राहक आणि कर्मचारी यांच्यासाठी

या अभ्यासातून व्यवहारात उतरविता येतील असे काही मुद्दे पुढे येतात.

उद्योगासाठी कर्ज मागणाऱ्याने आपल्या मालाचा ग्राहक कोण, हे आधी निश्चित करावे. कन्नंबाडीच्या योजनेतील सर्वांत भक्कम आधार कोलारच्या खाणींची वीजखरेदी हा होता. प्रस्ताव एकदा नाकारला गेला म्हणून खचून जाण्याचे कारण नाही. हरकतींना उत्तर देणारा अधिक नेटका प्रस्ताव पुन्हा मांडता येतो.

प्रस्ताव तपासणाऱ्या अधिकाऱ्याने आक्षेप घेण्यास कचरू नये; पण नव्याने छाननी करण्याचेही नाकारू नये. म्हैसूरच्या अर्थखात्याने प्रश्न विचारला, हे योग्य होते आणि दिवाण व महाराजांनी तो प्रस्ताव पुन्हा उघडला, हेही तितकेच योग्य होते. त्याचबरोबर, प्रकल्पाची किंमत मोजताना ज्यांचे नाव अर्जावर नसते अशा माणसांचीही आठवण ठेवावी.

ठेवीदाराने १९१३ चा धडा विसरू नये. अवाजवी परताव्याचे आमिष दाखविणाऱ्या योजनेमागे बहुधा सट्टा असतो. पैसा कोठे गुंतविला जातो, हे विचारण्याचा ठेवीदाराला पूर्ण अधिकार आहे. बँकेच्या कर्मचाऱ्यासमोर दररोज दुसऱ्यांच्या घामाचा पैसा येत असतो. निवृत्त शिक्षकाची मुदतठेव, भाजीवालीची रोजची बचत आणि शेतकऱ्याची पीककर्जाची परतफेड एकाच खिडकीतून आत येते. त्या पैशाला परक्याची ठेव समजून वागणे, एवढाच विश्वस्तपणाचा अर्थ आहे.

येलवालहून कृष्णराजसागराकडे जाणाऱ्या प्रवाशाला जलाशयाचे विस्तीर्ण पाणी दिसते. पावसाळ्यात ते अडविलेले असते आणि उन्हाळ्यात ते वाट पाहणाऱ्या शेतांकडे निघते. बँकेचे कार्यही यापेक्षा निराळे नाही. सुकाळात साठवावे, टंचाईत पुरवावे आणि साठविलेले पाणी आपल्या एकट्याचे नाही, हे कधी विसरू नये.